काट्यासाठी सपाता

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. म्हटलं, सपातांवर काय लिहायचं? वाचणारा म्हणेल, याला दुसरं काही सुचलं नाही वाटतं. पण परवा टाक्याच्या वर्कशॉपमध्ये गेलो. मशीनच्या वर खिळ्याला त्या सपाता टांगलेल्या होत्या. खालून माती वाळून चिकटलेली. ती बघितली आणि मग राहवेना.

तर टाक्या म्हणजे बॅगा शिवणारा. शाळा अर्ध्यात सोडून तो या वर्कशॉपला चिकटला, तो चिकटलाच. लांबट खोली, पुढे शटर, आत ओळीने मशिनी, भिंतीला कापडाचे तागे आणि चेनींनी भरलेले पत्र्याचे डबे. कुणाच्या सॅकचा पट्टा तुटला, तंबूची चेन अडकली, की माणूस टाक्याकडे येणार. टाक्या आधी वस्तू हातात घेऊन नुसतीच खालीवर करणार. वजन बघणार. ती खोड त्याला काट्याने लावली.

काट्या म्हणजे वायरमन. टाक्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, पण दोघांचं अरेतुरे. त्याच्या हत्यारांच्या पिशवीत पक्कड-टेस्टरच्या जोडीला एक हुकाचा वजनकाटा कायम पडलेला, भंगारवाले वापरतात तसला, स्प्रिंगचा. नाव पडलं ते त्याच्यावरूनच. आमचं चौघांचं टोळकं डोंगरात जायचं. हे दोघं, तिसरा ढोल्या आणि चौथा मी. माझं या गोष्टीत काही काम नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी काट्याच्या गॅलरीत सगळ्यांनी आपापल्या सॅका उपसायच्या, हा नियम. कपडे वाळत घालायच्या तारेला वजनकाटा अडकवलेला. एकेक वस्तू टांगायची, काट्या वाचणार, आणि मग निकाल. टॉर्च जड, बाहेर. साबणाची अख्खी वडी कशाला, अर्धी काप. ढोल्याने एकदा उशी आणली होती तर काट्याने ती हुकाला टांगून बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, बोलावून दाखवली. ढोल्या म्हणाला, माझं स्वतःचंच वजन करून मला घरी ठेव म्हणजे सुटलात. तर काट्या म्हणे, हुक वाकेल.

पण सगळ्यात जास्त भांडणं व्हायची ती कॅम्पवर पायात काय घालायचं याच्यावर. काट्याचं म्हणणं असं, की दिवसभर बुटात कोंडलेला पाय संध्याकाळी मोकळा झालाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो तुमचं ऐकणार नाही. म्हणजे दुसरा जोड हवाच. आणि दुसरा जोड म्हणजे दिवसभर पाठीवर मेलेलं वजन. तेव्हा तो असा हवा की पाठीला पत्ता लागू नये. अंगठ्याची चप्पल नेऊन पाहिली. हलकी, पण थंडीत मोजे घातले की अंगठा जाणार कुठे? भोकाभोकांचे रबरी बूट नेले. छान, ओढ्यात घातले तरी चालतात, पण सॅकच्या बाहेर टांगावे लागतात आणि वाटेतलं प्रत्येक झुडूप त्यांना धरून ठेवतं. ढोल्याने कुठल्याशा हॉटेलातल्या फुकटच्या पांढऱ्या सपाता आणल्या. त्या पहिल्याच दवात विरघळल्या. सकाळी तो पायाला लगदा लावून फिरत होता.

शेवटी टाक्याने स्वतःच शिवायला घेतलं. झोपायच्या फोमच्या मॅटचे तुकडे वर्कशॉपमध्ये पडलेले असायचे. त्याचा तळ, वर तंबूचं पातळ कापड, मागे इलास्टिक. पहिल्या जोडातून बाभळीचा काटा आरपार गेला. दुसऱ्याचा तळ वितळला कारण ढोल्या चुलीवर पाय शेकत बसला. मग टाक्याने तळाखाली जुन्या सॅकचं जाड कापड चिकटवून पाहिलं आणि जमलं. काट्याने हुकाला टांगलं तर काटा जागचा हलेना. त्याने सगळ्यांकडे असं बघितलं जसं काही त्याच्याच घरात मूल जन्मलं.

त्यानंतर आम्ही सगळे टाक्याच्याच सपाता नेत होतो.

मग काट्या आजारी पडला.

पोटाचा आजार होता. नाव घेत नाही, घरातही कुणी घेत नव्हतं. केमो सुरू झाली. तो बारीक झाला, केस गेले, हे सगळं अपेक्षित होतं, डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. पण पायांचं कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्या औषधाने त्याचे तळवे बधिर झाले. आधी मुंग्या, मग काहीच नाही. फरशी गार आहे की गरम, कळेना. चप्पल पायात आहे की दारातच राहिली, हे खाली मान घालून बघावं लागायचं. वायरमन माणूस, शिडीवर आयुष्य काढलेला, तो आता न्हाणीघरात जाताना भिंत धरून जायचा. टाक्या रोज वर्कशॉप बंद करून त्याच्याकडे जाऊन बसायचा. काय बोलायचं कळायचं नाही. मग सॅकांबद्दल बोलायचे.

एकदा असंच बसलेले असताना काट्या म्हणाला की केमोच्या या फेरीनंतर डॉक्टर थोडे दिवस सुट्टी देणार आहेत. आणि त्या सुट्टीत त्याला तलावाकाठच्या पठारावर जायचंय. टाक्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"चालणार नाही रे मी," काट्या म्हणाला. "जीप पार वरपर्यंत जाते. तिथून वाट केवढीशी. तुम्ही जा डोंगरावर. मी नुसता कॅम्पवर बसणार. चहा करीन. चार वेळा पाण्यापर्यंत जाईन, परत येईन. मला बूट नकोच आहेत. मला फक्त कॅम्पवरचं दे शिवून काहीतरी."

आत वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या बाहेर आल्या. टाक्याला वाटलं, आता दोघांचीही खरडपट्टी. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी अट घातली. त्याने एकट्याने जिना उतरून खाली रस्त्याच्या दारापर्यंत जायचं आणि वर यायचं. कठड्याला धरलं तर चालेल, माणसाला धरायचं नाही. आणि पायात तेच घालायचं जे तिथे घालणार आहे. पडला नाही, तर जा.

"अगं, ही परीक्षा आहे का?" काट्या म्हणाला.

"आहे. तुम्ही नाही का सगळ्यांच्या साबणाच्या वड्या तोलत?"

टाक्या त्या रात्री घरी गेला तो हवेतच. त्याला काम मिळालं होतं. काट्यासाठी करण्यासारखं इतके महिने काहीच नव्हतं, आणि आता होतं. आजारी माणूस, पायात जोर नाही, तर काय हवं? हलकं हवं. आजवर झालं नाही इतकं हलकं. याच्यावर त्याने दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही. आम्हीही केला नाही. त्याने मला विचारलं, ढोल्याला विचारलं, आम्ही दोघंही म्हणालो, हो, पिसासारखं कर. आमच्या टोळक्यात कुणाला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं.

मालक जेवायला गेले की तो काट्याच्या सपाता हातात घ्यायचा. काट्याच्या जुन्या बुटातून तळ कागदावर उतरवून घेतला. नवीन फोम आणला, मऊ, आतून पोकळ असल्यासारखा. वरचं कापड इतकं पातळ की हात आत घातला तर बोटं दिसावीत. पायाला कुठे घासू नये म्हणून शिवण बाहेरून घेतली. इलास्टिकसुद्धा सैल ठेवलं, पायाला सूज असते म्हणून. घेऊन गेला तेव्हा काट्याने वजनकाटा मागवला. गॅलरीत टांगला. जोडी हुकाला लावली आणि काटा थरथरलासुद्धा नाही. काट्या हसला. किती दिवसांनी हसला.

"नापास करायला जागाच नाही ठेवलीस," तो म्हणाला.

परीक्षा रविवारी सकाळी. ढोल्या खाली रस्त्याच्या दाराशी उभा होता, टाक्या मधल्या वळणावर, वहिनी वर चौकटीत. मदत करायची नाही असं ठरलेलं, म्हणून तिघंही हात मागे बांधून. काट्या कठडा धरून निघाला. चेहरा असा, की उंच कड्यावरून दोराला धरून उतरतोय. टाक्याच्या शेजारून गेला तेव्हा डोळा मारला. खाली गेला, दाराला हात लावला, ढोल्याला सलाम केला, वळला. वर येताना जास्त सावकाश. पण आला. चौकटीत उभा राहिला आणि म्हणाला, बोला, पास की नापास?

वहिनी त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या जिन्याकडे बघत होत्या.

डाव्या पायातली सपात खालच्या जिन्यावरच राहिली होती. कधी निसटली कुणालाच कळलं नाही. त्यालाही नाही. सगळे चेहऱ्याकडे बघत होते ना त्याच्या. एका पायरीची लादी फुटलेली होती, कित्येक वर्षं तशीच, आणि तिथून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर लाल ठसा होता. आधी बारीक, मग मोठा.

काट्याने खाली पाहिलं. आपल्या पायाकडे असं पाहिलं जसं तो शेजाऱ्याचा आहे.

वहिनींनी त्याला खुर्चीत बसवलं, पाय मांडीवर घेतला, धुतला, बांधला. मग फडकं आणि बादली घेऊन जिना पुसायला निघाल्या. टाक्या म्हणाला, वहिनी, मी पुसतो. त्या म्हणाल्या, "भावजी, राहू द्या." एवढंच. टाक्या सांगतो की शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

जखम मोठी नव्हती. तुम्हाआम्हाला झाली असती तर आठवड्यात विसरलो असतो. पण केमोच्या अंगाला जखम भरता भरत नाही. डॉक्टरांनी पाय जमिनीला टेकवायचाच नाही असं सांगितलं. सुट्टीचे दिवस होते ते सगळे काट्याने उशीवर पाय ठेवून काढले. टाक्या जायचा, पण आता दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. उठायची घाई असल्यासारखा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काट्या त्याला म्हणाला, जवळ ये. टाक्या गेला. काट्याने त्याला ती सपात आणायला लावली आणि हातात घेऊन खालीवर केली.

"आपण दोघंही गाढव," तो म्हणाला. "तू शिवणारा गाढव, मी तोलणारा गाढव. मला ती घातल्याचं पहिल्या पायरीपासून कळलंच नव्हतं रे. मला वाटलं, वा, काय हलकी. अरे, ती पायातच नव्हती."

टाक्याला वाटलं हा हसतोय. बघतो तर डोळे भरलेले.

मग काट्याने त्याला सांगितलं. परवा वहिनींनी पांघरुणाची जाड रजई घडी करून त्याच्या पायांवर ठेवली. तळव्याला काहीच कळलं नाही. पण पाय हलवायला गेला तर मांडीला कळलं. गुडघ्याच्या वर सगळं जिवंत आहे. तळव्याला विचारून काही उपयोग नाही, मांडीला विचारायला हवं. उचलताना मांडीला जे ओढ देईल, ते पायात आहे. नाही दिली, तर निसटलं.

"मला जड शिवून दे," काट्या म्हणाला. "जेवढं जमेल तेवढं जड."

टाक्या वर्कशॉपमध्ये गेला आणि बसूनच राहिला. जड कसं करायचं ते त्याला येत नव्हतं. इतकी वर्षं तो फक्त कमी करत आला होता. शेवटी तो टायरवाल्याकडे गेला. ट्रकच्या टायरचा तुकडा घेऊन आला, तो कापताना दोन पाती मोडली. ताडपत्री दुहेरी घेतली. बोटं पूर्ण झाकणारा पुढचा भाग, म्हणजे कुठे आपटलं तरी नख शाबूत. मागे टाचेला पट्टा आणि पट्ट्याला सॅकचं मोठं बक्कल, लावताना कट् आवाज होईल असं, म्हणजे लावल्याचं कानाला कळेल. आतून मात्र मऊ. शिवण हाताने, कारण मशीनची सुई त्या रबरापुढे हात टेकायची. मालक बघून म्हणाले, बैलाला घालतोस की काय.

काट्याने त्या हुकाला टांगल्या. काटा सरसर खाली गेला. ढोल्या म्हणाला, माझी उशी याच्यापेक्षा हलकी होती, माझी माफी माग. काट्याने मागितली. रीतसर, हात जोडून.

पाय भरला तसा तो त्या घालून घरात फिरायला लागला. पलंगापासून गॅलरी, गॅलरीपासून न्हाणीघर. धप. धप. धप. खालच्या मजल्यावर एक नर्सबाई राहायच्या, रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या. त्या डोळे चोळत वर आल्या आणि म्हणाल्या, वर काय उखळ बसवलंय का. वहिनींनी त्यांना आत बोलावून पाय दाखवले. बाई बघत राहिल्या. म्हणाल्या, फिरू दे त्यांना, मी कानात कापूस घालीन.

एका सकाळी वहिनींनी स्वतःच दार उघडून धरलं. काट्या एकटा उतरला, एकटा चढला. या वेळी कुणी बघायला उभं नव्हतं. वहिनी आत ओट्याशी उभ्या राहून नुसतं ऐकत होत्या. धप, मग धप, मधे कुठे जरा जास्त थांबलं की त्यांचा हात थांबायचा. परत धप. तो दारात आला तेव्हा त्या म्हणाल्या, पास. आणि तोंड फिरवलं.

टाक्याने त्याच संध्याकाळी जीपवाल्याला विचारून ठेवलं. पण सुट्टी संपली होती. पुढची फेरी उभी राहिली, ती झाली की जाऊ असं ठरलं. त्या फेरीने काट्याला जो झोपवला तो नीट उठलाच नाही. आधी गॅलरी बंद झाली. मग न्हाणीघरापर्यंतसुद्धा दोघांनी धरून न्यावं लागायला लागलं. घरातला धप धप आवाज थांबला.

एका दुपारी खालच्या नर्सबाई वर आल्या. वहिनींनी दार उघडलं. टाक्या तिथेच होता. बाईंच्या हातात काही नव्हतं, काही मागायलाही आल्या नव्हत्या. म्हणाल्या, बरेच दिवस आवाज आला नाही. वहिनींनी मान हलवली. बाई जरा वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि उतरून गेल्या.

टाक्याच्या मनात ते एकच गणित चालायचं. पहिल्याच वेळी जड शिवल्या असत्या तर जखम झाली नसती. जखम झाली नसती तर सुट्टी वाया गेली नसती. तो पठारावर बसून चहा करून आला असता. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण काट्या पलंगावर पडून पडून त्याचा चेहरा वाचत होता, मीटर वाचावा तसा.

शेवटच्या काही दिवसांतली गोष्ट. टाक्या आला तर काट्याच्या पायात त्या सपाता, पांघरुणाखाली, पलंगावर. वहिनी म्हणाल्या, हट्ट धरला, मग घातल्या. बक्कल लावताना आवाज ऐकायचा होता म्हणे.

"जड वाटतात का अजून?" टाक्याने विचारलं.

"थोड्या," काट्या म्हणाला. "मांडी पण झोपायला लागलीय." मग जरा दम घेऊन, "काढ."

टाक्याने बक्कल काढलं. पाय हातात घेतला तर काहीच वजन नाही. पिसासारखा. त्याने तो हळूच गादीवर ठेवला.

"तुझ्या पायाला मोठ्या होतील," काट्या म्हणाला. "मोजे दोन घाल."

टाक्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा तो नको म्हणायला लागला, तूच येशील, आपण दोघं, वगैरे. काट्याने त्याला बोलू दिलं. मग हात वर केला.

"ऐक. तू पठारावर जा. दिवसभर डोंगर चढ, आणि संध्याकाळी बूट काढून ह्या घाल. पाण्यापर्यंत जा आणि परत ये. चार वेळा. बरं वाटेल असं काही नाही. पण त्या तिथे जायला शिवल्यात, तिथे गेल्या पाहिजेत."

टाक्याने मान हलवली.

"आणि जखमेचं. ते डोक्यातून काढ."

टाक्याने सपाता उचलून मांडीवर घेतल्या.

"नाही निघणार, माहितेय मला," काट्या म्हणाला. "बरं, मग तेही ने बरोबर. पण आदल्या दिवशी गॅलरीत येऊन माझ्या काट्यावर तोलायचं नाही. ढोल्या म्हणेल, बाहेर टांग. टांगायच्या नाहीत, झुडपात अडकतात. सॅकच्या आत घालायच्या. ढोल्या म्हणेल, वेडा झालास का एवढं ओझं. म्हणू दे. बोल."

टाक्या सपातांचं बक्कल उगाच लावत-काढत होता. कट्. कट्. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या.

"नेईन," तो म्हणाला. "सॅकच्या आत. आणि तोलणार नाही."